ठासणीचं रिव्हॉल्व्हर आणि दीड वर्षाचे कागद

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार. दुकानातून निघाले तेव्हा गाडीच्या डिकीत कुलूपबंद पेटी होती आणि माझा हात दर पाच मिनिटांनी पर्समधल्या शस्त्रपरवान्याच्या सर्टिफिकेटकडे जात होता. पेटीत १८५८ च्या रेमिंग्टनची इटालियन नक्कल होती, ठासणीचं सहाबारी रिव्हॉल्व्हर. तिथवर पोचायला मला दीड वर्ष लागलं. इथल्या, इंग्लंडातल्या, दोन मैत्रिणींनी "हे नक्की करतात तरी कसं?" असं विचारलं, म्हणून जे झालं ते क्रमाने लिहितेय.

आधी एक खुलासा, कारण भारतातून फोन आला की सगळे इथेच अडकतात. काडतुसाचं पिस्तूल ग्रेट ब्रिटनमध्ये तुम्हा-आम्हाला छंद म्हणून ठेवता येत नाही. मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डन्ब्लेनच्या शाळेत सोळा मुलं आणि त्यांच्या शिक्षिका गोळीबारात गेल्या. त्यानंतर १९९७ च्या कायद्यांनी पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरं बंद झाली, मात्र ठासणीची त्यातून वगळली. ज्यात दारू आणि गोळी समोरून, हाताने, एकेक करून भरावी लागते, अशी. म्हणून इथे ज्याला रिव्हॉल्व्हरने नेम धरायचाय तो बहुतेक वेळा एकोणिसाव्या शतकात जाऊन पोचतो.

माझं म्हणाल तर कॉलेजात एनसीसीत असताना पॉइंट टू टू रायफलच्या मोजून दहा गोळ्या उडवल्या होत्या, आणि कोकणात आजोबांकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. आम्हा मुलांना तिला हात लावायची परवानगी नव्हती. निवडणूक आली की आजोबा ती खांद्यावर टाकून पोलीस ठाण्यात जमा करून यायचे आणि मग महिनाभर डुकरांना शिव्या देत बसायचे. एवढंच भांडवल.

जून २०२३ मध्ये जवळच्या एका शूटिंग क्लबचा खुला दिवस होता. ऑफिसातल्या एकीबरोबर सहज गेले. आत पाऊल टाकताना पोटात गोळा आला होता, सगळे माझ्याकडे वळून बघणार असं वाटत होतं. कोणीही बघितलं नाही. साठीच्या पुढचे चार-पाच जण थर्मासातला चहा पीत नळ्या पुसत बसले होते. त्यांतल्या एका आजींनी मला रिव्हॉल्व्हर भरून दिलं. चाप ओढला, पांढऱ्या धुराचा ढग झाला आणि लक्ष्य दिसेनासं झालं. मग नाकात गंधकाचा तो वास शिरला. नरकचतुर्दशीची पहाट! मी तिथेच नाव नोंदवलं.

नाव नोंदवलं म्हणजे काम झालं असं नाही. नवीन माणसाला शिकवायला स्वयंसेवक कमी, त्यामुळे माझा नंबर ऑक्टोबरात लागला. ८ ऑक्टोबरच्या रविवारी प्रोबेशन सुरू झालं. गृहखात्याने मान्यता दिलेल्या क्लबात हे किमान तीन महिन्यांचं असतं. माझं साडेचार महिने चाललं, कारण डिसेंबरात मी तीन आठवडे रत्नागिरीला होते आणि जानेवारीत खोकत होते. सुरुवातीलाच एका कागदावर सही करावी लागते की मला शस्त्र बाळगायला कायद्याने मनाई नाही. तीन महिने किंवा त्याहून जास्त तुरुंगवासाची शिक्षा झालेल्यांना ती असते. या काळात स्वतःचं काही विकत घ्यायचं नाही, क्लबचंच वापरायचं, आणि शेजारी सतत एक अनुभवी सदस्य. मला हे जाचक वाटेल असं वाटलं होतं, पण उलट बरं वाटलं. पहिले तीन रविवार तर मी बहुतेक वेळ फक्त नळी कुठे रोखलेली आहे एवढंच बघत होते. प्रवेश आणि पहिल्या वर्षाची वर्गणी मिळून १८० पाउंड गेले. एक सल्ला: हजेरीच्या वहीत प्रत्येक वेळी सही करा. पुढे पोलीस "नियमित जाता का?" असं विचारतात, तेव्हा तीच वही उपयोगी पडते.

फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस पूर्ण सदस्यत्व मिळालं आणि मार्चमध्ये मी फायरआर्म सर्टिफिकेटचा अर्ज उघडला.

अर्जात "सबळ कारण" द्यावं लागतं. स्वसंरक्षण हे कारण चालत नाही, ते चुकूनही लिहू नका. क्लबचं सदस्यत्व आणि टार्गेट शूटिंग, संपलं. कुठल्या प्रकारचं हत्यार हवंय तेही तिथेच लिहायचं. मी लिहिलं: पॉइंट फोर फोर, ठासणीचं रिव्हॉल्व्हर, एक. नागरिकत्वाचा आग्रह नसतो, इथे रीतसर राहत असलात की अर्ज करता येतो. दोन जामीनदारांसारखी माणसं लागतात, म्हणजे जी तुम्हाला किमान दोन वर्षं ओळखतात, नात्यातली नाहीत, पोलिसातली नाहीत आणि बंदुका विकणारीही नाहीत. पहिल्या माझ्या वरिष्ठ फार्मासिस्ट, त्या लगेच हो म्हणाल्या. दुसरे म्हणून मी मंडळातल्या एका काकांना विचारलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "बंदूक? तुला? घरी सगळं ठीक आहे ना?" शेवटी शेजारीणबाईंनी सही केली. त्या काकांशी मी अजून बोलते, पण गणपतीत मोदक वाढताना ते मला दोन जास्तच वाढतात असं मला वाटतं.

आता ते पान, ज्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसले. आरोग्याचं पान. त्यात नैराश्य, चिंतेचे आजार, अपस्मार, व्यसन असं बरंच काही विचारतात, आणि आज आहे का एवढंच नव्हे, कधी होतं का हेही. धाकट्याच्या जन्मानंतर, अकरा वर्षांपूर्वी, मी सात महिने गोळ्या घेतल्या होत्या. घरात नवरा आणि आई सोडून ते कोणाला माहीत नाही. (आता तुम्हा सगळ्यांना आहे.) त्या रकान्यावर कर्सर ठेवून मी दोन संध्याकाळी नुसती बसले होते. लिहिलं तर नाकारतील. नाही लिहिलं तर डॉक्टरांच्या नोंदीत सापडेलच आणि शिवाय खोटं बोलल्याचा ठपका. खोटी माहिती देणं हा गुन्हाच आहे. तिसऱ्या दिवशी मी सगळं लिहिलं: तारखा, गोळीचं नाव, कधी थांबवली. पाठवल्यावर पोटातला पीळ सुटला.

डॉक्टरांचा फॉर्म हे वेगळंच प्रकरण. तो सहसा तुमच्या जीपीने, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरने, भरायचा, त्याची फी सरकारने ठरवलेली नाही, आणि डॉक्टरांवर वेळेचं बंधनही नाही. आमच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, फोनवरच्या बाईंना तो काय असतो हे माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळी त्यांना तो सापडत नव्हता. तिसऱ्या वेळी तो "डॉक्टरांच्या ट्रेमध्ये" होता. सहा आठवडे आणि ७५ पाउंड. अर्ज भरायला घ्याल त्याच दिवशी हा फॉर्म डॉक्टरांकडे टाका, बाकीचं नंतर.

दारूसाठी वेगळा अर्ज, तो मी याच वेळी जोडून दिला. इथे भावाशी फोनवर झालेलं संभाषण सांगायलाच हवं. "दारू घरात ठेवायला पोलिसांचा परवाना?" "हो." "मग भाऊजी इतकी वर्षं..." "ती दारू नाही रे, बंदुकीची!" तर बंदुकीची काळी दारू, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, ढोबळमानाने ७५, १५ आणि १० च्या प्रमाणात. कायद्याने ती स्फोटकांत मोडते. विकत घेऊन घरी ठेवायची तर स्फोटकांचं सर्टिफिकेट हवं, आणि ठेवायला खास लाकडी पेटी. धातूची चालत नाही, कारण बंद धातूत भडका उडाला तर त्याचा बाँब होतो. जाड प्लायवुडची, आत वेगवेगळे कप्पे. माझी क्लबातल्या एका सुतारकाम करणाऱ्या सदस्याने केली आणि पैशांऐवजी चकल्या घेतल्या.

एप्रिलच्या शेवटी सगळं पोलिसांकडे गेलं. अर्जाची फी ८८ पाउंड. (फेब्रुवारी २०२५ मध्ये ती १९८ झाली, त्यामुळे माझ्या आकड्यांवर विसंबू नका.) मग शांतता. मे गेला, जून गेला. जुलैत मी एक नम्र ईमेल पाठवला, त्याला "आपला अर्ज रांगेत आहे" असं उत्तर आलं. या काळात मी स्टीलचं कपाट घेतलं, ११० पाउंडांचं. ते भिंतीला आतून बोल्टने जखडावं लागतं. आमच्या घरातल्या अर्ध्या भिंती प्लास्टरबोर्डच्या, टिचकी मारली की पोकळ वाजणाऱ्या. शेवटी जिन्याखालच्या विटांच्या भिंतीत भोकं पाडली, आणि व्हॅक्यूम क्लीनरला घर सोडावं लागलं.

२० ऑगस्टला फायरआर्म्स एन्क्वायरी ऑफिसर घरी आले. साध्या कपड्यांतले, पन्नाशीचे गृहस्थ. बूट काढू का म्हणाले, तिथेच माझी निम्मी भीती गेली. कपाट हलवून बघितलं, बोल्ट बघितले. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर तासभर प्रश्न. छंद कसा लागला? मद्य किती? घरात भांडणं? मुलं किती वर्षांची, त्यांचे मित्र येतात का? सुरुवातीचे एक-दोन प्रश्न त्यांनी सवयीने नवऱ्याकडे बघून विचारले. तो म्हणाला, "मला काही माहीत नाही, हिलाच विचारा," आणि चहा टाकायला उठला. अकरा वर्षांपूर्वीच्या गोळ्यांचा विषय निघाला तेव्हा मी तयारी केलेली सगळी वाक्यं विसरले. त्यांनी विचारलं, "त्या वेळी तुम्हाला मदत कोणाकडे मागायची ते कळलं होतं का?" मी म्हटलं, "हो, मीच डॉक्टरांकडे गेले होते." त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. एवढंच.

मग किल्लीचा मुद्दा. कपाटाची किल्ली सर्टिफिकेट असलेल्यालाच मिळायला हवी. घरातल्या बाकी कोणाला ती कुठे असते हे माहीतसुद्धा नको. लग्नाला अठरा वर्षं झाली, आणि आता नवऱ्यापासून एक गोष्ट लपवायची, तीही पोलिसांच्या सांगण्यावरून. तो म्हणतो त्याला माहीत आहे. त्याला माहीत नाही.

९ ऑक्टोबरला पाकीट आलं. पाच वर्षांचं सर्टिफिकेट, माझा फोटो, आणि एका ओळीत ते एक रिव्हॉल्व्हर विकत घ्यायची मुभा. दारूचं सर्टिफिकेट वेगळं. मला नाचावंसं वाटलं. प्रत्यक्षात मी दोन्हींच्या फोटोकॉपी काढून आणल्या.

खरेदीत मी महिना घालवला, कारण सल्ले फार. नकला बहुतेक इटलीतल्या ब्रेशियाच्या आसपासच्या, तिथल्या गार्दोने व्हाल त्रोम्पियाच्या खोऱ्यात शतकानुशतकं बंदुकाच होतात. मला दिसायला कोल्ट आवडायचं, १८५१ चं नेव्ही. त्याच वर्षी कोल्टने लंडनच्या भव्य प्रदर्शनात आपली रिव्हॉल्व्हरं मांडली होती आणि पुढे दोन वर्षांत पिम्लिकोत कारखानाही काढला. पण कोल्टला वरून पट्टी नसते, सिलिंडरच्या, म्हणजे सहा बार भरायच्या फिरत्या नळकांड्याच्या, डोक्यावर उघडं आकाश, आणि बार पेटवणारी टोपी फुटली की तिचे तुकडे आत पडून घोडा, म्हणजे टोपीवर आदळणारा भाग, अडकायची शक्यता जास्त. रेमिंग्टनला वर भक्कम पट्टी असते, आणि मधला दांडा ओढला की सिलिंडर हातात येतो. नवशिक्याने तेच घ्यावं असं आजींचं मत पडलं. १८५८ हे वर्ष मात्र फसवं आहे. ती नळीवर कोरलेल्या पेटंटची तारीख. हा नमुना प्रत्यक्षात बाजारात आला तो अमेरिकेच्या यादवी युद्धात.

वापरलेलं मिळालं, २९० पाउंडांना. नवं यापेक्षा बरंच महाग. परवानाधारक दुकानदाराने समोरासमोर सर्टिफिकेटवर नोंद केली, नंबर ताडून पाहिला. सात दिवसांच्या आत आपणही पोलिसांना कळवायचं असतं. मी त्याच संध्याकाळी कळवलं. घेताना हे बघा: घोडा मागे ओढला की सिलिंडर घट्ट बसतो का, नळीत खड्डे आहेत का, आणि निपल, म्हणजे ज्यावर टोपी बसते ती बोंडं, ठेचलेली नाहीत ना. परत येताना वाटेत भाजी घ्यायला थांबू नका. गाडीत एकटं सोडायचं नाही, सरळ घर. अर्धा किलो दारू ३८ पाउंड. गोळ्या, टोप्या, ग्रीस, ब्रश मिळून सत्तरेक. सगळं धरून साडेआठशेच्या आसपास खर्च झाला.

आणि रवा. हो, आपला जाड रवा! टार्गेटसाठी मी वीस ग्रेन दारू घालते, सव्वा ग्रॅमच्या जवळपास. चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या एकेका भोकात, त्यापेक्षा जास्त मावते. पण दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहता कामा नये, आणि गोळी नळीच्या जितकी जवळ तितका नेम बरा. म्हणून मधली जागा रव्याने भरायची. हे मला कोणीतरी गंमत करतंय असंच वाटलं होतं. इथले नेमबाज गंभीर चेहऱ्याने रवा मोजतात. मी फार्मसीत आयुष्यभर पावडरी तोलल्या, जुन्या औषधांच्या वजनांतला ग्रेन मला नवा नव्हता, त्यामुळे रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर तेरा कुप्यांत दारू आणि तेरा कुप्यांत रवा भरताना मी पहिल्यांदाच कोणाच्या पुढे होते. दारू घरूनच अशी मोजून न्यायची. रेंजवर मोठ्या डब्यातून थेट ओतायची नाही. चेंबरात एखादी ठिणगी शिल्लक असेल तर डबाच हातात पेटेल.

१४ डिसेंबर, शनिवार. थंडीने बोटं वाकत नव्हती. आधी रिकाम्या चेंबरवर सहा टोप्या फोडायच्या, आतलं तेल जळून वाट मोकळी होते. टोपी म्हणजे तांब्याची इवलीशी वाटी, आपल्या दिवाळीच्या टिकल्यांची श्रीमंत बहीण. मग घोडा अर्ध्यावर आणून दारू, रवा, गोळी. गोळी चेंबरपेक्षा केसभर मोठी असते. तरफ दाबली की ती आत जाताना कडेने शिशाचं बारीक, गोल, चकचकीत कडं सोललं जातं आणि टेबलावर पडतं. ते पूर्ण कडं पडलं म्हणजे गोळी घट्ट बसली. तुकडा पडला तर संशय घ्या. वरून ग्रीस, म्हणजे एका चेंबरची आग शेजारच्यात शिरत नाही. टोप्या सगळ्यात शेवटी, नळी लक्ष्याकडे असताना.

पहिला बार झकास. दुसरा, तिसरा. चौथ्याला नुसतंच "फट्". फुसका बार. मी हात खाली आणणार तेवढ्यात मागून आजींचा आवाज: "तशीच थांब." नळी समोर, तीस सेकंद. कधी कधी बार उशिरा होतो. तीस सेकंद किती लांब असतात ते मला प्रसूतीनंतर पहिल्यांदा कळलं. काहीच झालं नाही. उरलेले दोन बार मोकळे केले, सिलिंडर काढला, आजींनी ते निपल पान्याने सोडवलं आणि पितळेची बारीक काडी मागून घालून दाबली. गोळी टपकन पडली. तिच्या मागोमाग टेबलावर रवा सांडला. पांढरा, कोरडा, मागच्या टोकाला जरासा तांबूस. काळा कण एकही नाही. शेजारच्या माणसाने मला हवामानाबद्दल काहीतरी विचारलं होतं, त्या गडबडीत चौथ्या चेंबरात मी दारू घालायलाच विसरले होते.

आजींनी तो रवा बोटावर घेतला. "नीट भाजलेला नाही," त्या म्हणाल्या.

भरताना कोणाशी बोलू नका. मी आता रिकामी कुपी उलटी ठेवते आणि गोळी बसवण्याआधी सहाही चेंबरांत वाकून बघते.

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे अर्ध्या तासात तेरा गोळ्या आणि त्यांतल्या उत्तम दहा मोजायच्या. मला एक तास दहा मिनिटं लागली, अंतर पंचवीस मीटर, गुण शंभरपैकी ४१. दोन गोळ्या कागदालाच लागल्या नाहीत. बारा-पंधरा बारांनंतर काजळी साचून सिलिंडर जड फिरायला लागतो. मधल्या दांड्याला ग्रीस लावलं, ओल्या फडक्याने पुढचा भाग पुसला की सुटतो.

साफसफाई त्याच दिवशी, आळस चालत नाही. दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड एका रात्रीत गंजायला लागतं. लाकडी मुठी काढून बाकी सगळं साबणाच्या गरम पाण्यात. भांडी घासायच्या सिंकमध्ये नको, वेगळा टब ठेवा, आणि खिडकी उघडा, कारण घरभर सडक्या अंड्यांचा वास सुटतो. धाकटा जिन्यातूनच ओरडला, "आई, कोणी फटाके लावले?" पाणी शाईसारखं काळं झालं. तीनदा बदललं, सगळे भाग कोरडे केले, तेल लावलं, कपाट बंद केलं, किल्ली तिच्या जागी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने उपमा केला. छान झाला होता. डबा कुठला घेतला ते मी विचारलं, आणि तेव्हापासून आमच्या फडताळात दोन डबे आहेत, एकावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "आईचा रवा. खाऊ नये."